मुरमाड रानातला खोडवा आणि साडेतीन टन पाचट : निपाणी भागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वेदगंगेकाठची काळी मळी मागे टाकून माळाकडे चढू लागलं, की कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात थोड्याच अंतरात मातीचा रंगही बदलतो आणि कसही. हे प्रकरण अशाच एका चढावरच्या दोन एकर रानाचं आहे, आणि ऊस तोडल्यावर उरणारं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, न जाळता रानातच ठेवून बघण्याचं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं गाळली आहेत. रान दोघा भावांचं, अजून न वाटलेलं. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात. पाण्याची पाळी आणि कारखान्याचा व्यवहार ते बघतात. धाकटे रानातली मशागत बघतात.

या रानात पूर्वी विडीचा तंबाखू व्हायचा. नदीवरून पाइपलाइन आल्यावर ऊस आला. वरच्या एकरात माती जेमतेम फूटभर, खाली मुरूम. खालच्या एकरात दोन फूट. उसाची जात को 86032, सरी चार फुटी. वरच्या एकरात अंदाजे 210 फूट लांबीच्या 52 सऱ्या आहेत. लागणीला, म्हणजे नव्याने लावलेल्या उसाला, वरच्या एकरात 36 टन निघाले होते. त्याआधीच्या फेरीतला खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक, मात्र 22 टनांवर बसला होता. खालच्या एकरातला 27 टनांचा.

माती परीक्षणाचा कागद कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आलेला, कन्नडमध्ये. तो घरातल्या शाळकरी मुलीने वाचून दाखवला. वरच्या एकराचा सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, खालच्याचा 0.52. अर्ध्या टक्क्याच्या खाली कर्ब कमी धरतात. उन्हाळ्यात वरच्या रानाला आठव्या दिवशी पाणी लागायचं, नवव्या दिवशी शेंडा मलूल व्हायचा.

अडचण

टोळी ऊस तोडून गेली की रानात पाचट उरतं. वाळलेलं पाचट उसाच्या वजनाच्या साधारण दहावा भाग धरलं, तर या एकरात साडेतीन टन. आजवर ते दरवर्षी पेटवलं जायचं.

पाचट जाळू नका हे अण्णांनी अनेकदा ऐकलेलं होतं. तरी ते जाळायचे, आणि त्यांची कारणं पक्की होती. शेतीच्या मोटारीला थ्री फेज लाईट दिवसात सात तास, तीही बऱ्याचदा रात्री. सरीत पाचट असलं की पाणी रेंगाळतं, शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात आणि पाळी दुसऱ्याकडे जाते. शिवाय शेजारचे सगळे जाळतात, त्यामुळे आपलं वाळकं पाचट तसंच ठेवलं तर ठिणगीची भीती. पेटवलं की दुसऱ्या दिवशी रान मोकळं, वरंब्याच्या बगला (कडा) फोडता येतात, खत टाकता येतं.

सल्ला देणारे पाचटातल्या खताची किंमत सांगतात. ती इथे लागू पडत नाही, कारण हिशोब अण्णांनाही येतो. पाचटात नत्र अर्धा टक्का धरलं, तर साडेतीन टनांत साडेसतरा किलो. म्हणजे 38 किलो युरिया, एक पोतंही भरत नाही. जाळल्यावर हे नत्र जवळजवळ सगळं हवेत जातं. पालाश राखेत उरतो, पण वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने जागा सोडतो. एका पोत्यासाठी पाण्याची पाळी धोक्यात घालायला कोण तयार होईल? फूटभर मातीच्या रानात पाचटाची खरी किंमत सावलीत, ओलीत आणि हळूहळू चढणाऱ्या कर्बात असते. ती एका हंगामात पावतीवर दिसत नाही, म्हणून ती पटवून देणं अवघड जातं.

विचारात घेतलेले पर्याय

खड्ड्यात नेऊन कंपोस्ट करण्याचा विचार पहिल्याच दिवशी सुटला. साडेतीन टन वजन कमी वाटतं, पण पाचट सैल असतं. त्याचे भारे बांधून बांधावर आणायचे आणि कुजल्यावर पुन्हा रानात पसरायचे, एवढी माणसं डिसेंबरात मिळत नाहीत.

ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने बारीक करणं हा दुसरा मार्ग. बारीक पाचट लवकर कुजतं आणि पाण्याला अडत नाही. मात्र वरच्या रानात वरंब्यावरच दगड आहेत. यंत्रवाल्याने रान बघून पात्यांच्या काळजीने नकार दिला. आमच्या मते त्याने योग्यच केलं. खालच्या एकरात हे यंत्र चाललं असतं.

प्रत्येक सरीत पाचट दाबायचं, तर पाण्याला मोकळी वाट राहत नाही. राहिला सरीआड सरीचा पर्याय : दोन सऱ्यांचं पाचट एका सरीत भरायचं, दुसरी सरी पाण्याला मोकळी ठेवायची. प्रत्येक ओळीच्या एका अंगाला पाचट, दुसऱ्या अंगाला पाणी. यातही एक शंका होती. मुरमाड रानात पाणी आडवं कमी पसरतं आणि सरळ खाली जातं. काळ्या रानात एका सरीचं पाणी दोन्ही ओळींना सहज पुरतं, तसं इथे पुरेल याची खात्री नव्हती.

शेवटी भावांमध्ये तोड निघाली. "अण्णा, औंदा वरचं रान माझ्या मनानं करूया," असं धाकटे म्हणाले. "कर की. पण पाणी तुंबलं तर मला हाक मारायची न्हाई," हे अण्णांचं उत्तर. वरच्या एकरात सरीआड सरी पाचट, खालचा एकर नेहमीसारखा जाळायचा.

काय केलं, कुठे चुकलं

तोडणीच्या आधीच मुकादमाशी बोलणी झाली. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टोळीने न्यायचे, बदल्यात ऊस जमिनीलगत तोडायचा. टोळीने पहिला दिवस शब्द पाळला, दुसऱ्या दिवसापासून चार बोटं बुडखा राहू लागला. वर राहिलेल्या बुडख्यावरचे डोळे फुटतात, त्यांचे कोंब कमजोर असतात आणि त्यांना स्वतःची मुळं मिळत नाहीत. म्हणून नंतर दोन गडी लावून बुडखे धारदार कोयत्याने जमिनीसरशी छाटले आणि छाटलेल्या जागी कार्बेन्डाझिम, लिटरला 1 ग्रॅम, फवारलं. हे औषध बुरशी मारतं, आणि पाचट कुजवणाऱ्या संवर्धकात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी असेल तर त्यालाही मारतं. फवारा फक्त बुडख्यांवर ठेवला आणि संवर्धक नंतर टाकलं, ते बरं झालं.

पाचट ओढण्याचं काम पाच दिवस चाललं. इथे पहिली चूक झाली. शेवटच्या दिवशी संध्याकाळ झाल्यावर पाच ओळींवरचं पाचट नीट काढलंच गेलं नाही, बुडख्यांवर तसंच राहिलं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत डोळ्याला ऊन लागतं. झाकलेल्या बुडख्याची जमीन थंड राहते, कोंब उशिरा येतो किंवा आतच कुजतो. या पाच ओळींत महिनाभराने जागोजाग दोन फुटांपेक्षा मोठ्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, दिसल्या. त्या ट्रेमधल्या रोपांनी भरल्या, पण खोडव्याच्या कोंबाशेजारी लावलेलं रोप मागेच राहतं. त्या ओळी वर्षभर विरळ दिसल्या.

कुजवण्याचं प्रमाण टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो संवर्धक असं धरलं. साडेतीन टनांना 28 किलो युरिया, 35 किलो सुपर, साडेतीन किलो संवर्धक. पाचटात कर्ब सुमारे 40 टक्के आणि नत्र अर्धा टक्का, म्हणजे नत्राच्या ऐंशीपट कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढ्या नत्रावर भागत नाही. वरून दिलं नाही तर ते मातीतलं नत्र ओढतात आणि ऊस उपाशी राहतो. युरिया टाकायचा तो उसासाठी कमी, जिवाणूंसाठी जास्त.

दुसरी आणि सगळ्यात महागात पडलेली चूक याच टप्प्यावर झाली. पाचटाच्या 26 सऱ्यांपैकी 14 सऱ्यांत युरिया आणि सुपर सकाळी पसरले. रात्री पाणी द्यायचं ठरलं होतं. त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर गेला आणि लाईट आली तिसऱ्या रात्री. दोन दिवस युरिया दंवाने किंचित ओलसर पाचटावर उघडा पडून राहिला. रानात अमोनियाचा उग्र वास येत होता. तो वास म्हणजे उडून जाणारं नत्र. पाचटाच्या पृष्ठभागावर युरियाचा अमोनिया करणारं विकर भरपूर असतं, त्यामुळे उघड्या मातीपेक्षा पाचटावर युरिया लवकर उडतो. उरलेल्या 12 सऱ्यांत धाकट्यांनी उलट क्रम धरला. लाईट आल्यावर आधी पाणी सोडलं, सरी निम्मी भिजली की मागून युरिया टाकत गेले आणि पाण्याने तो खाली नेला. संवर्धक चार दिवसांनी, ओल्या शेणखतात मिसळून, वेगळं टाकलं. युरियात मिसळलं असतं तर जिवाणू तिथेच मेले असते.

पहिलं पाणी पाचटाच्या सरीतूनच द्यावं लागतं हे इथे ध्यानात ठेवायला हवं. पाचट कोरडं राहिलं तर ते सहा महिने तसंच पडून राहतं. पण पाणी सोडताच पाचट वाहून पुढे गोळा झालं, त्याचे बांध झाले आणि तिसऱ्याच सरीत पाणी वरंबा फोडून शेजारी गेलं. त्या रात्री अण्णाच खोरं घेऊन आले. त्यांनी काढलेली युक्ती साधी होती : सरीच्या तोंडाकडचं सहा-सात फूट पाचट मागे सारून वाट मोकळी करायची आणि पुढे दर दहा-बारा फुटांवर खोरंभर माती पाचटावर टाकायची, म्हणजे ते जागचं हलत नाही. एकदा भिजून बसलं की वीतभर थर चार बोटांवर येतो आणि मग फारसा त्रास देत नाही. त्यानंतरची पाणी फक्त मोकळ्या सऱ्यांतून दिली, पाचटाच्या सरीला तिसऱ्या पाळीला एकदा.

खालचा एकर पेटवण्याचा दिवस खरा धोक्याचा होता. दोन्ही एकरांमध्ये फक्त एक पाट. अण्णांनी सीमेलगतच्या चार सऱ्यांतलं पाचट आत ओढून सोळा फुटांचा पट्टा मोकळा केला, आदल्या रात्री त्याला पाणी दिलं आणि पहाटे, दंव असताना, वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावली. दोघे जण ओले पोते आणि हिरव्या फांद्या घेऊन उभे होते. दोन ठिणग्या पट्टा ओलांडून आल्या, त्या विझवल्या. दुपारी पेटवलं असतं तर वरचं पाचट वाचलं नसतं.

पाचव्या आठवड्यातला निर्णय

साधारण 35 व्या दिवशी वरच्या रानातले दोन पट्टे लांबूनच ओळखू येऊ लागले. ज्या 14 सऱ्यांतला युरिया उडाला होता, त्यांच्या दोन्ही अंगांचा खोडवा पिवळा पडला, फुटवा खुंटला. उरलेल्या 12 सऱ्यांकडचा हिरवा होता. पाचटाने ऊस पिवळा केला, असं गावात बोललं जाऊ लागलं. खालचा जाळलेला एकर त्या वेळी सर्वात जोमात दिसत होता, हेही खरं.

हा निकराचा प्रसंग होता. पाचट काढून जाळावं का? युरियाचं एक पोतं वरून फेकावं का? की पहारीने जमिनीत भोक पाडून खत द्यावं?

पहारीचा पहिला हप्ता खरं तर तोडणीनंतर पंधरवड्यात द्यायचा होता. माणसं मिळाली नाहीत म्हणून तो राहिला. तो वेळेवर पडला असता तर युरिया उडूनही ऊस इतका उपाशी राहिला नसता, कारण सहा इंच खोल गेलेल्या खतापर्यंत वर कुजणाऱ्या पाचटातले जिवाणू पोचत नाहीत. वरून फेकलेलं खत मात्र आधी तेच घेतात, आणि काही पुन्हा उडून जातं. धाकट्यांनी पहारच धरली. 38 व्या दिवशी काम सुरू झालं.

खोडव्यासाठी महाराष्ट्रात सांगितली जाणारी नत्र, स्फुरद, पालाश यांची मात्रा हेक्टरी 250:115:115 किलो, म्हणजे एकरी 100:46:46. या कुटुंबाने तीच धरली. एकराला डीएपी 100 किलो, युरिया 180 किलो, पोटॅश 77 किलो. यातला निम्मा भाग आता, निम्मा तोडणीपासून 130 ते 135 दिवसांनी ओळीच्या दुसऱ्या अंगाला. बुडख्यापासून चार-सहा इंच अंतरावर, सहा-आठ इंच खोल, फुटा-फुटावर भोक. चार फुटी सरीत एकरी ओळींची लांबी सुमारे 10,900 फूट, म्हणजे भोकंही तितकीच. एका हप्त्याचं 178 किलो खत त्यांत विभागलं तर भोकाला 16 ग्रॅम येतं. लहान मूठही भरत नाही, म्हणून आधी एक माप ठरवून घेतलं. नाहीतर निम्म्या रानातच खत संपतं. मिश्रण रोजचं रोज केलं, कारण रात्रभर ठेवलं की ते ओल धरतं. पहिला भोक पाडायला, दुसरा खत टाकून टाचेने बुजवायला, अशा दोन जोड्यांना साडेतीन दिवस लागले. पाचट असलेल्या सरीत बगला फोडायच्या नसतात, जारवा (जुनी मुळं) तोडायचा नसतो आणि भरणीही (ओळीला माती लावणं) नसते, त्यामुळे तो खर्च वाचला.

बारा-पंधरा दिवसांत पिवळेपणा ओसरला. हरवलेले फुटवे सगळे परत आले नाहीत.

परिणाम

पाण्यात फरक लवकर दिसला. फेब्रुवारीनंतर वरच्या रानाची पाळी आठ दिवसांवरून बारा-तेरा दिवसांवर गेली. जानेवारी ते मे या काळात खालच्या एकराला 17 पाणी लागली, वरच्याला 12. लाईट बिल येत नाही, त्यामुळे यात पैसा वाचला असं कुणी म्हणणार नाही. वाचल्या त्या पाच रात्री, आणि अण्णांच्या दृष्टीने त्याला मोल होतं. पाचटाच्या सऱ्यांत तण जवळजवळ आलंच नाही, मोकळ्या सऱ्यांत एक भांगलण करावी लागली. खोडकिडीची पोंगे मर (मधला कोंब वाळणं) वरच्या रानात कमी दिसली. पाचटाखाली उंदीर मात्र वाढले, बांधाकडची बिळं दोनदा बुजवावी लागली. पावसाळ्यात पाचट उचकटलं की गांडुळं दिसत. या रानात ती आधी कुणी पाहिली नव्हती.

तोडणीच्या वेळी दोन्ही एकरांच्या पावत्या वेगळ्या ठेवायचं ठरलं. एका ट्रॉलीत ऊस मिसळला, तिचं वजन अंदाजाने वाटावं लागलं. वरच्या एकराचे 27 टन निघाले, खालच्याचे 28. मागच्या खोडव्यापेक्षा वर पाच टन जास्त, खाली एकच. हा फरक सगळा पाचटाचा म्हणता येत नाही. पहारीने खत देणं वरच्या रानातही पहिल्यांदाच झालं होतं, आणि खालच्या एकराला ते मिळालं नव्हतं. दोन बदल एकत्र केले की कुणामुळे किती, हे सांगता येत नाही.

त्यानंतर निडवा, म्हणजे खोडव्यानंतर पुन्हा फुटीवर घेतलेलं पीक, ठेवला. या वेळी अण्णांनी खालच्या एकरातही, शेवटच्या 12 सऱ्या सोडून, पाचट ठेवलं. वरच्या रानात मागच्या मोकळ्या सऱ्यांत पाचट गेलं आणि पाचटाच्या सऱ्या पाण्याला मोकळ्या झाल्या. पाणी आधी, युरिया मागून, आणि पहारीचा हप्ता बाराव्या दिवशी. पिवळा पट्टा कुठेच आला नाही. वर 25 टन, खाली 28. निडवा सहसा घसरतो. वरच्या रानात तो 25 वर थांबला, याला महत्त्व आहे.

दोन हंगामांनंतर वरच्या रानाचा सेंद्रिय कर्ब 0.43 टक्के आला. एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर थराची माती सुमारे 900 टन असते. साडेतीन टन पाचटातून कर्ब पडतो 1.4 टन. त्यातला मोठा भाग कुजताना हवेत जातो. पाचवा-सहावा हिस्सा मातीत टिकला असं धरलं तर वर्षाला जेमतेम 0.03 टक्के वाढ. म्हणजे 0.43 हा आकडा हिशोबात बसतो, पण मातीचा नमुना दोन हात बाजूला घेतला तरी एवढा फरक पडू शकतो. एका वर्षात कर्ब दुप्पट झाल्याचं कुणी सांगितलं तर नमुना कुठून आणि किती खोल घेतला, ते आधी विचारावं.

वेगळं काय करता आलं असतं

खतांचा क्रम हा यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. लाईटचा भरवसा नाही अशा भागात युरिया आधी पसरून पाण्याची वाट बघणं हाच धोका आहे. मोटार चालू झाल्यावरच पोतं फोडावं. पहारीची माणसं तोडणीच्या आधी ठरवून ठेवावीत, कारण गावातल्या सगळ्यांना ती त्याच पंधरवड्यात हवी असतात.

पहिल्या वर्षी पूर्ण एकर न घेता दहा-बारा सऱ्यांवर करून बघितलं असतं तर चुका स्वस्तात पडल्या असत्या, आणि जाळलेल्या व न जाळलेल्या सऱ्या एकाच मातीत शेजारी-शेजारी तोलून बघता आल्या असत्या. वरचं रान आणि खालचं रान यांची तुलना पहिल्यापासूनच लंगडी होती. खालच्या काही सऱ्यांनाही पहारीने खत द्यायला हवं होतं.

पाच ओळींवर राहून गेलेलं पाचट दुसऱ्या दिवशी काढलं असतं तर नांग्या पडल्या नसत्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

खालच्या एकराच्या शेवटाला, चढाच्या उलट अंगाला असलेल्या 12 सऱ्यांत पाणी अजूनही पोचत नाही. तिथलं पाचट अण्णा आजही पेटवतात, पहाटे आणि पट्टा मोकळा करून. तिथे सरीला उतार देण्यासाठी निडवा मोडल्यावर रान सपाट करायचं आहे. त्याआधी तिथे एक सोयाबीन घेऊन त्याचा पाला आणि काड रानातच मोडायचं, की लगेच लागण करायची, यावर दोघा भावांचं अजून ठरलेलं नाही.